पा-काकांची राखीव जागा

“खुर्ची कुठेय, पा? माझी खुर्ची कुणी नेली, पा?”

खालून ही आरोळी आली तेव्हा मी तिसऱ्या मजल्यावर ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून पोहे खात होतो. आवाज असा की खिडकीबाहेरच्या पागोळीचा बर्फ सुटून धाडकन खाली पडला. त्यात माझा माइक चालू राहिलेला. अमेरिकेत नोव्हायपासून अ‍ॅशबर्नपर्यंत जिथे जिथे आमच्या टीमची माणसं बसली होती, तिथे तिथे ती आरोळी पोचली. अ‍ॅशबर्नहून एकाने विचारलं, “हे पा कोण आहे यार? नवीन क्लायंट का?” मी म्हटलं, “घरमालक आहे,” आणि लॅपटॉप मिटला. घरमालक ओरडतोय हे कारण अमेरिकेतल्या कुठल्याही मॅनेजरला चालतं.

आता पा म्हणजे काय ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल.

श्रूजबरी या ऐपतदार गावात आपली माणसं घरं घेतात. ज्यांना ते जमत नाही ती मधल्या तळ्याच्या अलीकडे, वुस्टर शहराच्या बाजूला, भाड्याने राहतात. आम्ही अलीकडचे. आमचं घर लाकडी, तीन मजली, जेवणाच्या डब्यासारखं एकावर एक रचलेलं. वरच्या डब्यात मी आणि माझी बायको. मधल्या डब्यात एक आयरिश वंशाची बाई, आयुष्यभर शाळेची बस चालवून निवृत्त झालेली. आणि तळाच्या डब्यात घरमालक आणि त्यांची बायको.

घरमालक पोर्तुगालचे. त्यांच्या गावासमोर नदी, आणि नदीपलीकडे स्पेनमधला गॅलिशिया. बायको त्या पलीकडच्या काठाची. दोन्ही काठांच्या भाषा सख्ख्या बहिणी, आणि सख्ख्या बहिणींसारख्याच एकमेकींचं उणंदुणं काढणाऱ्या. लग्नाला पन्नासएक वर्षं झाली तरी या दोघांचं मिठाच्या शब्दावरून, मांजराच्या शब्दावरून, एवढंच काय, नदीच्या नावावरूनसुद्धा भांडण चालू. ती म्हणायची, तुमच्याकडे नाकातून बोलतात. ते म्हणायचे, तुमच्याकडे नाकच नाही. मी तर असं ऐकलंय की लग्नात पाद्र्याला दोनदा विचारावं लागलं, कारण ‘हो’ कुठल्या काठाचं म्हणायचं यावर वाद झाला. ऐकलंय म्हणजे मीच कुणाला तरी सांगितलं होतं, आणि ते फिरून माझ्याकडे आलं.

भांडण नव्हतं ते एकाच शब्दावर. पा. दोन्ही काठांवर पा म्हणजे फावडं. घरमालक पूर्वी बेकरीत पाव भाजायचे, तेव्हा भट्टीत पाव सरकवायचा लांब दांड्याचा लाकडी उलथणा, तोही पा. कोळसा ओढायचं ते पा, बर्फ काढायचं ते पा. शिवाय पोर्तुगालमध्ये आपल्याकडच्या ‘यार’सारखा वाक्याच्या शेवटी पा लावतात म्हणे. आमचे घरमालक वाक्याच्या शेवटी, सुरुवातीला, मधे, आणि वाक्य नसलं तरीही लावायचे. कुकरच्या शिट्ट्या मोजाव्यात तसे त्यांचे पा मोजून माझी बायको मला सांगायची की आज त्यांचा मूड कसा आहे. तिनेच त्यांना पा-काका म्हणायला सुरुवात केली. आणि त्यांच्या बायकोला मावशी.

त्या वर्षीच्या बर्फाबद्दल मी काही सांगितलं तर तुम्ही म्हणाल हा थापा मारतोय. म्हणून एवढंच सांगतो की आमच्या शेजारचा कुत्रा चिमणीतून बाहेर तोंड काढून भुंकत होता. नांगर लावलेले ट्रक रस्ता साफ करायचे, म्हणजे रस्त्यातला बर्फ उचलून दोन्ही कडांच्या गाड्यांवर घालायचे. मग ज्याने त्याने आपापली गाडी खणून काढायची. एवढी मेहनत करून गाडी घेऊन कामावर जावं, तर मागे दुसरा कोणी येऊन त्या खणलेल्या जागेत ऐटीत उभा. यावर या भागातल्या लोकांनी एक रिवाज काढलाय. जागा खणायची आणि तिथे खुर्ची ठेवायची. किंवा इस्त्रीचं टेबल, कचऱ्याचा डबा, एका घराने तर येशूचा पाळणा ठेवला होता. ते हलवायचं नाही. कायद्यात कुठे लिहिलेलं नाही, पण ते हलवणाऱ्याच्या टायरमधली हवा कुठे जाते हे पोलीससुद्धा विचारत नाहीत.

पा-काकांची खुर्ची स्वयंपाकघरातली होती. लाकडी, लाल रेक्झिनच्या बैठकीची. घरासमोर खणलेल्या जागेत ती ऐटीत बसली होती. आणि आता ती नव्हती. जिन्यावरून धडपडत मी खाली पोचलो तेव्हा त्या जागेत ट्रकच्या धाकट्या भावाएवढी एक काळी पिकअप उभी होती. पा-काका व्हरांड्यात, स्लिपरवर, हातात पळी.

“कुणाची गाडी?” मी विचारलं.

“मला काय माहीत, पा. मी सूप ढवळत होतो. येऊन बघतो तर खुर्ची गेली आणि हा रेडा आला.”

एवढ्यात माझ्या मागे जिन्याच्या तळाशी कोणीतरी खाकरलं. आमचे सासरे.

सासरे नागपूरचे. टपाल खात्यातून निवृत्त. आमच्याकडे तीन आठवड्यांपूर्वी आले होते आणि बर्फ हा प्रकार त्यांनी फक्त फ्रीजरमध्ये पाहिला होता. त्यांची दुसरी ओळख म्हणजे त्यांच्या कॉलनीच्या गणेश मंडळाच्या खुर्च्या. बिछायत केंद्रातून खुर्च्या भाड्याने आणायच्या, कार्यक्रम संपला की एकावर एक रचायच्या, आणि एकही खुर्ची उघड्यावर राहू द्यायची नाही, हे खातं कित्येक वर्षं त्यांच्याकडे. माझ्या लग्नात मी अजून जेवत होतो, तेव्हा त्यांनी माझ्या बाजूची खुर्ची उचलली होती.

“खुर्ची ना?” सासरे शांतपणे म्हणाले. “ते तं मी ठेवली ना आत. मघाशी फिरायला निघालो, तं पाहतो, एवढी चांगली खुर्ची बर्फात भिजून रायली. म्हटलं, कोणी विसरलं असन. पुसली, अन् तिथं त्या गरम पाइपापाशी वाळत ठेवली.”

खरंच. जिन्याखाली रेडिएटरपाशी खुर्ची वाळत होती. बैठकीवर सासऱ्यांचा स्वतःचा पंचा पसरलेला.

मी त्यांना मराठीत भराभरा तो रिवाज समजावला. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरला. “म्हणजे एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतेत, तसं?”

“अगदी तसंच.”

“मंग मी कोणाचा रुमाल उचलला म्हणा ना.” त्यांनी माकडटोपी काढली. बोडक्या डोक्याने ते पा-काकांपुढे गेले आणि टपाल खात्याच्या इंग्रजीत म्हणाले की गैरसोयीबद्दल क्षमस्व.

मला वाटलं आता पळी डोक्यात बसणार. पण पा-काका सासऱ्यांकडे पाहत राहिले. समोरचा आपल्याच वयाचा, आपल्यापेक्षा गारठलेला, अंगात मुलीचं गुलाबी जॅकेट. पा-काका आत आले, आपल्याच वाळत्या खुर्चीवर बसले आणि म्हणाले, “ती आज येतेय.”

मावशी पडल्या होत्या, खुब्याचं हाड मोडलं होतं, हे आम्हांला माहीत होतं. ऑपरेशननंतर त्यांना एका केंद्रात ठेवलं होतं, चालायला शिकवायला. तिथलं जेवण त्यांना जाईना. तिथे त्यांची भाषा बोलणारं कोणी नाही. रोज फोनवर एकच प्रश्न, घरी कधी? पा-काकांनी कबूल केलं होतं, शुक्रवारी. आज शुक्रवार. व्हीलचेअरची व्हॅन तिकडून निघालीसुद्धा होती. त्या व्हॅनला उजव्या बाजूने फळी उघडते, ती टेकायला फुटपाथपर्यंत मोकळी जागा लागते. जागा नसेल तर ड्रायव्हर थांबत नाही, परत नेतो. आणि परत नेलं की शनिवार-रविवार कोणी घरी सोडत नाही.

“काल म्हणाली,” पा-काका पळीकडे बघत बोलत होते, “शुक्रवारी नाही आणलंस तर आणूच नकोस. रागाने नाही म्हणाली. रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं, पा.”

मी व्हरांड्यात येऊन गाडी उचलून नेणाऱ्या दोन कंपन्यांना फोन केला. एकाने उद्याची वेळ दिली. दुसरा नुसता हसला.

“ही गाडी आपल्या गल्लीतली नाही,” वरून मधल्या मजल्यावरची बाई म्हणाली. ती खिडकी उघडून सगळं ऐकत होती. ती खिडकी ती बहुधा जून महिन्यातही एवढी उघडत नाही. “आणि म्हाताऱ्याला फावडं देऊ नका. डॉक्टरने त्याला चमचा उचलायला सांगितलंय, तेवढंच. ती जागा त्याने तीन दिवस सकाळी चोरून खणलीय. मी पाहत होते.”

“मग सांगितलं का नाहीस?” मी विचारलं.

“तो म्हणाला तोंड बंद ठेव. मी ठेवलं. माझ्या स्वभावाच्या विरुद्ध होतं ते.”

ती खाली आली तेव्हा अंगात नारिंगी कोट आणि खांद्यावर फावडं. तळघरातून पा-काकांचा पा-संग्रह निघाला. एक अ‍ॅल्युमिनियमचं, एक कोळशाचं, एक दात पडलेलं प्लास्टिकचं, आणि एक बेकरीतला लाकडी उलथणा, ज्याने बर्फ काढता येत नाही, पण तो मागे राहिला तर पा-काकांना वाईट वाटलं असतं. पिकअपच्या मागे, शेजारच्या घरासमोर, नांगराने लोटलेला एक डोंगर होता. तो हटला तर व्हॅन बसेल. डोंगर म्हणजे साधासुधा नाही. वर मऊ, आत दगड, आणि तळाशी कुणीतरी ऑक्टोबरात दाराशी मांडलेल्या भोपळ्याची शिल्लक.

सासऱ्यांनी पहिलं फावडं मारलं आणि बर्फ फेकला तो थेट बाईच्या अंगावर.

“तिकडे नाही,” ती म्हणाली.

दुसरं फावडं फुटपाथवर.

“तिकडे तर मुळीच नाही. तिथूनच तिला न्यायचंय.”

“बाप्पा, मंग टाकू कुठं? आमच्या इकडे माती काढली का बाजूले टाकली. इथं बाजूच नाही.”

मी भाषांतर केलं. बाई म्हणाली, “त्यांना सांग, पिकअपवर टाका.” हे भाषांतर करायची गरज पडली नाही. सासऱ्यांनी तिच्याकडे प्रथमच आदराने पाहिलं.

पुढचा जो काही वेळ गेला त्याचं वर्णन मी चारचौघांत करतो तेव्हा डोंगर दरवेळी वीतभर वाढतो, त्यामुळे इथे हात आखडता घेतो. माझे हात पहिल्या दहा मिनिटांत गेले. कीबोर्डवर वाढलेले हात ते. दर चार फावड्यांमागे मी फोन बघत उभा राहायचो, महत्त्वाचा मेसेज असल्यासारखा. सासरे म्हणाले, “जावईबापू, तुमचं ऑफिस असन तं जा तुम्ही. आम्ही दोघं करतो.” दोघं म्हणजे ते आणि ती बाई. हा टोमणा होता की काळजी, हे मी अजून ठरवलेलं नाही.

पा-काका व्हरांड्यात. त्यांना खाली उतरायची बंदी बाईने घातली होती. उभं राहवेना, म्हणून ते ठेका देऊ लागले. फावडं रुतलं की “पा”, बर्फ उडाला की “पा”. पहिल्यांदा बाई वैतागली. मग काय झालं कोण जाणे, आमचे तिघांचे हात त्या आवाजावर पडायला लागले. पा, आणि तीन फावडी आत. पा, आणि तीन ढिगारे पिकअपवर. सासऱ्यांच्या तोंडूनही ते निघायला लागलं. नागपूरचा माणूस, वुस्टरच्या रस्त्यावर, गुलाबी जॅकेटमध्ये, पोर्तुगीज ओरडतोय. समोरच्या घरातल्यांनी पडदे सारून पाहिलं आणि पडदे परत लावले.

बाई दम खायला दांड्यावर टेकली. म्हणाली, “माझ्या आजीच्या आयरिशमध्येही हा शब्द आहे. पा म्हणजे पगार.” तिच्या तोंडी तो थोडा गोल व्हायचा.

“मग बरोबरच आहे, पा,” व्हरांड्यातून उत्तर आलं. “आधी पा, मग पा. पगार सूपमध्ये मिळेल.”

“पालेभाजीचं सूप?”

“बटाटा, बीन्स, पाला. तिच्या काठाचं. मला आवडत नाही.”

“मग माझी शिफ्ट संपली,” असं म्हणून तिने पुढचं फावडं मारलं.

व्हॅन आली तेव्हा आमचं भोक पाऊण झालं होतं. ड्रायव्हर तरुण होता, चेहऱ्याने सज्जन आणि नियमाने बांधलेला. काच खाली करून त्याने जागा पाहिली आणि मान हलवली. “बसणार नाही. सॉरी. मागे ट्रक लागलाय, मी थांबू शकत नाही.”

मागच्या सीटच्या काचेतून मावशी दिसत होत्या. डोक्याला काळा स्कार्फ, मांडीवर पर्स, दोन्ही हातांनी धरलेली. त्या आमच्याकडे पाहत नव्हत्या. सरळ समोर, ड्रायव्हरच्या मानेकडे पाहत होत्या, जणू जे काय ठरेल ते तिथे उमटणार होतं. व्हरांड्यातला ठेका थांबला. म्हातारा कठड्याला धरून उभा.

मधल्या मजल्यावरची बाई रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. फावडं आडवं धरून. मागचा ट्रक हॉर्न वाजवत राहिला. ती त्याच्याकडे पाठ करून ड्रायव्हरला म्हणाली, “मी या गल्लीत चाळीस पोरांची बस मागे घेतलीय, तीही ओरडणाऱ्या पोरांची. तुला हा खोका बसवता येत नाही?”

“मॅम, नियम असा आहे की—”

“नियम मला माहीत आहे. मी उभी आहे तोवर मागचं कोणी पुढे येत नाही. माझ्या हाताकडे बघ. चाक डावीकडे. आणखी. आता सोड.”

ट्रकवाला खिडकीतून काहीतरी बोलला. तिने त्याला जे उत्तर दिलं ते मी मराठीत आणू शकलेलो नाही, आणि प्रयत्नही केलेला नाही. व्हॅन इंचाइंचाने मागे आली, डोंगराला खरचटत. शेवटचा टोकाचा बर्फ सासऱ्यांनी फावडं टाकून सरळ पायांनी, बुटांनी लाथाडला. व्हॅन बसली. तिरकी, नाक रस्त्यात, पण फळी उघडेल एवढी.

फळी टेकली आणि व्हीलचेअरची चाकं बर्फाच्या चिखलात रुतली. सासरे धावत वर गेले आणि माझ्या बायकोचा योगा करायचा मॅट घेऊन आले. तो पसरला, तर तो निसटून पिकअपखाली गेला. मग ड्रायव्हरने एक बाजू धरली, मी दुसरी, सासऱ्यांनी पायाकडची, आणि मावशींना आम्ही खुर्चीसकट उचललं. मी उचललं म्हणजे हात लावला. मावशींनी वाटेत एकदाच तोंड उघडलं आणि सासऱ्यांना आपल्या भाषेत काहीतरी सुनावलं. सासरे मराठीत म्हणाले, “हो बाई, हळूच नेतो.” दोघांनाही ते पटलेलं दिसलं. पा-काकांच्या भाच्याने आधीच ठोकून ठेवलेल्या लाकडी उतारावरून आम्ही त्यांना व्हरांड्यात, मग दारातून, थेट स्वयंपाकघरात नेलं.

आत वाफ होती. सूप उकळून कडेने करपलं होतं. ड्रायव्हरला दोन मिनिटं थांब म्हटलं तर तो वाटीभर प्याला आणि पळाला. बाई ओट्याला टेकून ओले मोजे काढत होती. सासरे एकेक बोट उघडून मिटून बघत होते, सगळी आपलीच आहेत का म्हणून. माझ्या फोनवर कामावर गेलेल्या बायकोचा मेसेज, बाबा ठीक आहेत ना, त्यांना गारठ्यात बाहेर सोडू नकोस. मी अंगठा पाठवला.

मावशी टेबलाशी. त्यांनी पर्स टेबलावर ठेवली, स्कार्फची गाठ सोडली, आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत सगळं पाहून घेतलं. खिडकी, गॅस, घड्याळ. कोणी काही हलवलंय का ते. आमच्याकडे पाहिलं, आणि मान जराशी झुकवली. पा-काकांनी त्यांच्यापुढे सूप ठेवलं. थोडं सांडलं. त्यांनी एक चमचा घेतला आणि बराच वेळ तोंडात धरला. मग गिळला. आणि दुसरा घेतला. केंद्रातून फोन यायचे त्यात रोज एक वाक्य असायचं, आजही जेवल्या नाहीत. इथे वाटी खाली खाली जात होती आणि आम्ही चार मोठी माणसं ती वाटी बघत उभी होतो, परीक्षेचा निकाल लागावा तशी.

शेवटी पा-काकांना राहवेना. बायकोच्या समोर जाऊन उभे राहिले, छाती पुढे काढून, जसं काही सगळा डोंगर त्यांनीच खणला होता.

“शुक्रवारी घरी आणतो म्हणालो होतो. आणलं की नाही, पा?”

मावशींनी चमचा खाली ठेवला.

“आणलंस. आता ते दार लाव, गार वारा येतोय.”